राणीच्या चित्राचा डबा

"वहिनी, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दत्तोबाला डब्यांपासनं लांब ठेवायचं, आन् डब्यांना इस्तवापासनं. बाकी ह्या घरात भ्यायासारखं काय बी न्हाई."

लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हा ह्यांच्याकडे कामाला असलेल्या नथूने मला हे सांगितलं आणि मी हसले. समोर ओसरीवर दत्तोबाभाऊ मांडीवर फिल्मचा डबा घेऊन बसले होते. झाकण उघडं, ओठांत विडी. मऊ फडक्याने फिल्म पुसता पुसता ते तिच्याशीच काहीतरी पुटपुटत होते. नथूने जाऊन त्यांच्या तोंडातली विडी उपटली आणि अंगणात भिरकावली.

"माझा चुलता खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात हाय," तो मला म्हणाला. "त्यो सांगतो, ही फिल्म म्हंजी बंदुकीच्या दारूची मावसबहीण. दोघी कापसाच्याच लेकी."

"मंग मावशीसंगट जरा मायेनं वाग की," दत्तोबाभाऊ म्हणाले आणि खिशातून दुसरी विडी काढली.

मी कॉलेजात दोन वर्षं काढलेली. डबा बंद असला की आत हवा नाही आणि हवा नसली की आग नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नथूला मी तसं सांगितलंही. तो मान हलवून म्हणाला, "आसंल बाई. तुमी शिकलेल्या."

आमचं घर तंबूवर चालायचं. सासरे गेल्यावर ह्यांनी थोडी जमीन विकून हाताने फिरवायचं सिनेमाचं यंत्र, पडदा आणि जुनी चित्रं घेतली. पावसाचे चार महिने आम्ही लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला भाड्याच्या घरात असायचो. दसऱ्यानंतर तंबू निघायचा. तळेगावचा आठवड्याचा बाजार, वडगावची जत्रा, मग परत लोणावळ्यात रेल्वेच्या चाळींमागचं मैदान. असल्या घरात मला दिली म्हणून माझा मामा लग्नाला आला नव्हता. माझ्या वडलांनी मात्र तळेगावला एकदा तंबूत बसून खेळ पाहिला होता. "तो पडद्याशेजारचा माणूस ज्या घरात आहे, तिथे मुलगी उपाशी राहील पण कंटाळणार नाही," ते म्हणाले होते.

तो पडद्याशेजारचा माणूस म्हणजे दत्तोबाभाऊ. मूळचे सुदुंबऱ्याचे, एकटे, ह्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून. चित्रं मुकी होती. मध्ये मध्ये अक्षरं यायची, ती कधी इंग्रजीत, कधी गुजरातीत, आणि आमच्या तंबूत वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. म्हणून दत्तोबाभाऊ पडद्याच्या डाव्या अंगाला उभे राहून सगळं सांगायचे. राजाचा आवाज वेगळा, राणीचा वेगळा, दासी नाकात बोलणारी. घोडे धावायला लागले की नारळाच्या करवंट्या, वीज कडाडली की पत्रा. लोक त्यांना 'बोलक्या' म्हणायचे. नथू यंत्राचा दांडा फिरवायचा, आणि त्याचा एक डोळा नेहमी दत्तोबाभाऊंवर असायचा. ते रडवायला लागले की तो दांडा सावकाश करी, म्हणजे पडद्यावरची राणीही सावकाश रडे. लढाई आली की गरागरा. कुणी पुढे बसलेल्या म्हातारीने "भाऊ, ह्यो कोन रं?" विचारलं तर चित्र जवळपास थांबायचंच, भाऊंचं सांगून होईपर्यंत.

सगळ्यांत जुनं चित्र होतं एका राणीचं. राजा तिला रानात घालवून देतो आणि ती चालत राहते. शेवटचा तुकडा आमच्याकडे आलाच नव्हता. विकणाऱ्याने बहुधा म्हणूनच स्वस्त दिलं. चित्र संपायचं तेव्हा राणी पाठमोरी, झाडांमध्ये चाललेली. मग पडदा पांढरा. अंधारात लोक ओरडायचे, "पुढं काय झालं?" आणि दत्तोबाभाऊ पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहून शेवट सांगायचे. तळेगावात राणीला तिचा भाऊ न्यायला यायचा. रेल्वेवाल्यांसमोर राणी चालत चालत रुळापर्यंत यायची आणि गार्ड तिला फुकट डब्यात बसवायचा, शिट्या नुसत्या. एकदा पवन मावळातल्या वाडीवर बायाच जास्त होत्या, तिथे राणीने राजाकडे परत जायला साफ नकार दिला आणि रानातच भात लावला.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, कस्तुराबाई त्यांचं नाव. त्यांनी ते चित्र किती वेळा पाहिलं असेल देव जाणे. दर वेळी पदर डोळ्यांना. "खरा शेवट कंचा रं दत्तू?" त्या विचारायच्या.

"त्यो राणीला ठावं," दत्तोबाभाऊ म्हणायचे. "मी निस्ता तिच्या मागं मागं जातो."

मग बोलपट आले.

आमच्याकडे एका दिवसात आले नाहीत. आधी पुण्यात आले, आणि आमची गिऱ्हाइकं पुण्याहून पाहून यायची आणि तंबूच्या दाराशी विचारायची, "बोलतंय का?" ह्यांनी सुरुवातीला एक ग्रामोफोन आणला, मोठ्या कर्ण्याचा. पडद्यामागे ठेवून लढाईला बँड, रडण्याला सारंगी. पण तबकडी तिच्या वेगाने फिरायची आणि नथू त्याच्या. राणी रानात शिरली की बँड वाजायचा. लोक हसायचे, आणि दत्तोबाभाऊ त्या हसण्यालाही सांभाळून घ्यायचे: "लगीन हाय जणू रानात, चला राणीसाहेब, लाडू खाऊन जाऊ."

तळेगावला दुसऱ्या एका तंबूत खरं बोलतं यंत्र आलं तेव्हा नथू चार दिवस तिकडे जाऊन शिकून आला. येताना त्याने फिल्मचा वीतभर तुकडा आणला आणि मला उजेडाला धरून दाखवला. चित्रांच्या कडेला एक बारीक पट्टी होती, फणीच्या दातांसारख्या रेघारेघांची.

"ह्यो बघा आवाज," तो म्हणाला.

"हा?"

"आवाजाचा फोटू. दिवा ह्याच्यातनं जातो आन् पलीकडं बोलतो. दांडा फिरवायचा न्हाई, मोटार फिरवती. येकाच चालीनं. बाई रडू दे न्हाई तर मरू दे."

दत्तोबाभाऊंनी तो तुकडा हातात घेतला. बराच वेळ डोळ्याजवळ धरून पाहिला, उलटा केला, परत पाहिला.

"म्हंजी म्हातारीनं मदीच इचारलं, ह्यो कोन, तर?"

"तर काय न्हाई. मशीन थांबत न्हाई."

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले आणि तुकडा नथूच्या खिशात घातला, आपल्या हाताने.

ह्यांना मी दोष देत नाही. त्या वर्षी वडगावच्या जत्रेत आमचा तंबू अर्धा रिकामा होता. ह्यांनी ठरवलं, बोलतं यंत्र आणायचं, जागा करायची, मुकी चित्रं काढून टाकायची. मुंबईचा एक व्यापारी अशी जुनी फिल्म वजनावर घ्यायचा. तिला धुऊन वरची चांदी काढायची आणि उरलेलं बांगड्या करणाऱ्यांना द्यायचं. हे सगळं आमच्या ओसरीवर बोलणं झालं, आणि दत्तोबाभाऊ तिथेच बसून डब्यांत चुनकळीच्या पुरचुंड्या भरत होते. आमच्याकडे पावसात फिल्म ओल धरते, चिकटते. चुना ती ओल ओढून घेतो, म्हणून दर वर्षी ते असंच करायचे.

"बांगड्या व्हय," ते म्हणाले. "म्हंजी राणी कुनाच्या तरी मनगटात जाणार."

"दत्तोबा, तू माझ्याबरोबरच आहेस," हे म्हणाले. "तिकिटं फाड, दारावर उभा राहा. तुला कुणी काढतंय का?"

"न्हाई. तसं कोन म्हनतंय."

त्यानंतर त्यांनी जेवताना गोष्टी सांगणं बंद केलं.

छत्तीस सालच्या श्रावणात शकू झाली. माझी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मागच्या अंगाची खोली मला दिली होती. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, खिडकीला घोंगडं. भुशीच्या वाडीवरची बाया सुईण रोज येऊन शकूला न्हाऊ घालायची. सोयर होतं, बारावा होईपर्यंत खोलीत पुरुषाची सावली नाही. हे सुद्धा दाराबाहेरूनच विचारायचे, "बरी आहेस ना?" आणि मी आतून म्हणायची, "बरी आहे." त्या चार भिंतींत मी दुसरं काही करत नव्हते, फक्त शकूचं पोट वर-खाली होतंय का ते बघत होते. झोपली की भीती वाटायची, फार झोपली. उठली की भीती, का उठली. आत्याबाई म्हणायच्या, "पोरी, बघून बघून तिला झिजवशील."

दत्तोबाभाऊ मागच्या पडवीत येऊन कुडापलीकडे बसायचे. शकू रडायला लागली की तिकडून हत्ती यायचा, दासी नाकात बोलायची, घोडे यायचे, करवंट्या नसल्या तर जिभेनेच. आणि ती गप्प व्हायची. आठ दिवसांचं पोर! मला त्या बोलण्याचं हसू यायचं आणि रडूही.

व्यापारी यायचा होता त्याच्या आदल्या सकाळी आत्याबाई काखेत काहीतरी झाकून आत आल्या. मागोमाग बाया सुईण, तिच्या डोक्यावर धुण्याची टोपली. टोपलीतून आणि पदराखालून निघाले राणीच्या चित्राचे डबे.

"आत्याबाई, हे काय?"

"वरडू नगं. दत्तूनं पाय धरलं माझं. म्हणला, बाकी सगळी न्या, येक राणी ठेवा. माझा अंबाजी, तुजा नवरा, काय ऐकणार? म्हनून हितं. सोयराच्या खोलीत कोन बघतंय?"

"पण शेगडी आहे इथे."

"म्हनून तर हितं! समद्या घरात येवढी येकच खोली कोरडी हाय."

आमच्या घरात ओल हीच शत्रू होती. पावसात दत्तोबाभाऊ सुद्धा डबे उबेला ठेवा म्हणून जीव टाकायचे. आणि नथूचं बोलणं मला आठवलं तेव्हा त्याबरोबर माझं उत्तरही आठवलं. डबा बंद, हवा नाही, आग नाही. तरी मी डबे शेगडीपासून लांब, कोपऱ्यात सरकवायला लावले. आत्याबाईंनी कोपऱ्याच्या भिंतीला हात लावून पाहिलं. भिंत निथळत होती. मी शकूला पाजत असताना त्यांनी ते परत उशाकडच्या बाजूला, बाजेखाली घेतले. मला दिसले नाहीत.

व्यापारी आला, बाकीचे डबे घेऊन गेला. राणीचे कुठे म्हणून ह्यांनी विचारलं. "पाण्यानं गेलं, मीच टाकलं," असं दत्तोबाभाऊंनी सांगितलेलं मी कुडातून ऐकलं. राणीच्या आवाजात सांगितल्यासारखं, इतकं मऊ.

दोन दिवसांनी शकूच्या छातीत शीळ वाजायला लागली.

आधी मला वाटलं मलाच भास. बाया सुईणीला ऐकवलं. "धुरी जास्त झाली आसंल," ती म्हणाली आणि ओवा कमी घातला. शीळ राहिलीच. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायचा. माझेही डोळे चुरचुरत होते, आणि खोलीत एक वास होता, ओव्याचा नाही, धुराचा नाही. आंबूस, नाकात टोचणारा. मी आत्याबाईंना विचारलं, त्यांना नाही आला. त्यांना तपकिरीमुळे कसलाच वास येत नसे.

दुपारी शकूने दूध सोडलं. आत्याबाईंनी मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या, तिच्यावरून ओवाळल्या आणि दृष्ट जळावी म्हणून शेगडीत टाकल्या. शेगडी भडकली. मिरच्यांचा ठसका लागायला हवा होता, पण त्याआधी मला बाजेखालून आवाज ऐकू आला. चुलीवर दूध उतू जाताना होतो तसा, फसफस. मी वाकून बघितलं. एका डब्याच्या झाकणाखालून पिवळा धूर येत होता. काळा नाही. हळदीसारखा पिवळा.

मी शकूला उचललं आणि उंबरा ओलांडला. बाळंतिणीने ओलांडू नये तो. आत्याबाई मागून "अगं, अगं" करत राहिल्या. ओसरीवर हे होते, नथू होता, नवीन यंत्राची खोकी उघडत होते. दत्तोबाभाऊ खांबाला टेकून. मी एवढंच म्हणाले, "डबे. आतमध्ये राणीचे डबे."

हे बघतच राहिले. नथूला कळलं. पण दत्तोबाभाऊ त्याच्याही आधी पळाले. ज्या खोलीच्या कुडाबाहेर ते दहा दिवस बसून होते, तिच्यात शिरले. त्यांनी पहिल्यांदा आत्याबाईंना ढकलून बाहेर काढलं. मग मागच्या दाराने डबे एकेक करून अंगणात येऊ लागले.

"पाणी घालू नका, बाहेर टाका! भाऊ, नाकाला फडकं लावा!" नथू ओरडत होता. हे बादली घेऊन धावले तर त्याने बादली लाथेने उडवली. अंगणात पाऊस धो धो पडत होता, आणि पावसात, गटाराच्या वाहत्या पाण्यात ते डबे जळत होते. पाण्याखाली जळत होते. बंद झाकणाखाली. जळायला लागणारी हवा ती फिल्म पोटातच घेऊन जन्मलेली असते, हे मला तेव्हा, अंगणात ओल्याने उभं राहून कळलं.

बाजेचे सुंभ पेटले तोवर दत्तोबाभाऊ शेवटचे बाहेर आले. अंगावर ओलं घोंगडं गुंडाळलेलं, भुवया गेलेल्या. आणि हसत होते. "बघा राणीसाहेब," ते म्हणाले, "सती गेल्या. ह्यो शेवट मला सुचला नव्हता."

संध्याकाळी ते बरे होते. भाकरी खाल्ली, ह्यांच्या शिव्या खाल्ल्या. शकूही पुढच्या खोलीत मोकळ्या हवेत आल्यावर थोडी निवळली. मला वाटलं, सुटलो. सकाळी दत्तोबाभाऊ उठले ते बसूनच, गुडघ्यावर हात टेकून, मासा पाण्याबाहेर काढावा तसे धापा टाकत. लोणावळ्याचे डॉक्टर आले. "धूर म्हणू नका याला," ते म्हणाले, "तेजाब आहे हे. चढायला रात्र घेतं." ते जगतील की नाही हे पंधरा दिवस कुणी सांगत नव्हतं. जगले. पण छाती बसली आणि आवाज गेला. बोलायला गेले की दोन शब्दांपुरता वारा यायचा, कागद फाटल्यासारखा, आणि मग खोकला.

दसऱ्यानंतर आमचा तंबू बोलू लागला. पहिल्या खेळाला माणूस मावेना. मी शकूला घेऊन बायकांच्या अंगाला बसले होते. दत्तोबाभाऊ दारावर तिकिटं फाडून आत आले आणि सवयीने पडद्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. आता तिथे मोठा भोंगा होता. ते भोंग्याशेजारी उभे राहिले. अंधार झाला. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि तिच्या ओठांतून आवाज आला तेव्हा सगळा तंबू "आँ!" म्हणाला. मीसुद्धा.

पण मग ती बाई बोलतच राहिली. रेल्वेवाले आणि मुंबईचे पाहुणे डोळ्यांसमोर ठेवून ह्यांनी हिंदी बोलपट आणला होता, आणि हिंदीही ती उर्दूत घोळलेली. कॉलेजात गेलेल्या मला अर्धं कळत होतं. पुढे बसलेल्या भुशीच्या बाया, खंडाळ्याकडून आलेल्या म्हाताऱ्या, माझ्या आत्याबाई, त्यांना काहीच नाही. मग एक जण म्हणाली, "भाऊ, काय म्हंती रं ती?"

मागून दुसरी, "बोलक्याभाऊ, अवो सांगा की!"

दत्तोबाभाऊंनी तोंड उघडलं. मला पडद्याच्या उजेडात त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. काही ऐकू आलं नाही. भोंगा बोलत होता, आणि यंत्र थांबत नव्हतं. नथूने यंत्रामागून पाहिलं. त्याचा हात दांड्याच्या जागी गेला, आणि तिथे दांडा नव्हता.

"आवो भाऊ!" बाया हसायला लागल्या. "भाऊ रुसलं का काय! नवी बाई आली म्हनून!"

आत्याबाई रागाने उठून त्यांना काही बोलल्या, पण ते भोंग्यात बुडालं. मी परत पाहिलं तेव्हा डावं अंग रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी दत्तोबाभाऊ सुदुंबऱ्याला गेले. जाताना शकूच्या पाळण्याशी उभे राहिले. तिने त्यांच्याकडे बघून हात हलवले, हत्ती मागत असावी. त्यांनी तिच्या टाळूवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आता ती... भोंग्याचं... ऐकंल." एवढ्याला किती वेळ लागला. बगलेत घोंगडं होतं, घट्ट गुंडाळलेलं. ओझं एवढंच.

शकू आता तीन वर्षांची आहे. हवा बदलली की तिच्या छातीत ती शीळ परत वाजते आणि मी तिच्याजवळ बसून राहते. पुन्हा दिवस गेले आहेत, त्यामुळे मला कुठे हलू देत नाहीत. तंबू चालला आहे. ह्यांनी दत्तोबाभाऊंना दोनदा निरोप धाडला, एकदा स्वतः गेले. "बरा आहे," म्हणाले, "शेतात राखणीला बसतो. येत नाही म्हणतो."

पण मागच्या महिन्यात आत्याबाई सुदुंबऱ्याला एका लग्नाला गेल्या, आणि त्यांना भेटून आल्या. परत आल्यावर मी विचारलं, कसे आहेत. आत्याबाई म्हणाल्या, "वाळला हाय. पर खोली झाक ठेवलीय. आन् सूनबाई, राणी जित्ती हाय बघ! त्या दिशी घोंगड्यात घालून त्यानं येक डबा वाचवला हुता. चुलीवरच्या फळीवर ठेवलाय, ओल लागू नये म्हनून. सांजच्याला खाली घेतो, हातात धरून बसतो."

त्या आनंदाने सांगत होत्या. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय, पिवळा धूर, पाण्याखालची आग, आणि तरी त्यांना फळीवर फक्त ऊब दिसली. मी त्यांना काय बोलले ते आता आठवत नाही, त्या रडल्या. ह्यांना मी लगेच पाठवलं. हे गेले तर फळीवर मिठाचं मडकं. "डबा?" दत्तोबाभाऊंनी मान हलवली, नाही म्हणून. ह्यांनी विश्वास ठेवला. मी ठेवत नाही. कुडातून मी त्यांना एकदा असंच खोटं बोलताना ऐकलं आहे.

म्हणून हे लिहिते आहे. तळेगावहून सुदुंबऱ्याकडे जाणारं कुणी हे वाचत असेल, बाजाराला, सोयरिकीला, कशालाही, तर वाकडी वाट करा. ओढ्याच्या अंगाला, गावाच्या शेवटी एकटीच खोली आहे. बोलक्या दत्तोबा म्हणून विचारलं तर पोरंसुद्धा दाखवतील. डबा आहे का असं विचारू नका. त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच म्हणा, "भाऊ, राणीचं पुढं काय झालं?" हे ऐकलं की त्यांना राहवणार नाही. तेच डबा काढून आणतील, आणि तुम्हाला सांगायला लागतील. आवाज येणार नाही. कान अगदी तोंडाशी न्या, आणि घाई करू नका, दोन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागतं. सगळं ऐकून घ्या. पण ऐकत असताना डबा आपल्या हातात घ्या, आणि जाताना तो चुलीपासून लांब, घराबाहेर, झाडाखाली कुठेतरी ठेवून या. झाकण उघडू नका. नाकात टोचणारा आंबूस वास आला, तर मग ठेवायलाही थांबू नका. त्यांना हाताला धरून आधी बाहेर काढा.

आणि ते बरे आहेत का, तेवढं मला कळवा.